सुक्या गवताच्या दिवसांत मॉडेल रॉकेट : गोव्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांसाठी आहेत. रॉकेट म्हणजे इथे कागदी नळी, बाल्सा लाकडाचे पंख, प्लास्टिकचा नोजकोन आणि काळ्या बारुदाची तयार, एकदाच वापरायची मोटर, ताकदीने ए (लहान) ते डी (मोठ्या) वर्गापर्यंतची. त्याहून मोठ्या मोटरींचा विचार इथे केलेला नाही.

कोरड्या दिवसांत रॉकेट उडवावं की उडवूच नये?

रॉकेट जिथे उतरणार ती जमीन ओली, हिरवी, नांगरलेली किंवा उघडी असेल तर उडवा. तिथे सुकं गवत उभं असेल तर उडवू नका, मग पॅडखाली, म्हणजे रॉकेट जिथून सुटतं त्या चौकटीखाली, कितीही पाणी ओतलेलं असो. बहुतेक जण पॅडभोवतीचं गवत काढतात आणि निर्धास्त होतात. पॅडवरची आग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, दोन बादल्यांत विझते. दोनशे मीटरवर, मेरेपलीकडे, कोणी बघत नसताना धुमसायला लागलेली आग वेगळी.

आग नेमकी कशाने लागते?

सुरुवातीला नोजलमधून निघणारी ज्वाळा आणि तिच्याबरोबर खाली उडणारे इग्नायटरचे, म्हणजे मोटर पेटवणाऱ्या विजेच्या काडीचे, जळते तुकडे. ही बाजू पॅडवरचा लोखंडी पत्रा सांभाळतो.

दुसरं कारण इजेक्शन चार्ज. वर गेल्यावर मोटरच्या पुढच्या टोकाची थोडी बारूद पेटते आणि पॅराशूट बाहेर ढकलते. पॅराशूट जळू नये म्हणून मध्ये घातलेले कागदाचे बोळे, म्हणजे वॉडिंग, साध्या कागदाचं असेल तर ते जळत जळत खाली येतं.

तिसरं कारण रिकामं कवच. मोटर जागेवर धरणारा हूक नसेल, किंवा हूक वाकलेला असेल, तर इजेक्शनच्या धक्क्याने पॅराशूटऐवजी मोटरच मागे निसटते. गरम कवच सुट्टं होऊन गवतात पडतं आणि रॉकेट नाकावर आपटतं.

सर्वांत वाईट चौथं. रॉकेट पॅडवरच्या उभ्या रॉडवरून तिरकं निघालं, पंख तुटला, किंवा मोटरचा विलंब (जळण संपल्यापासून इजेक्शनपर्यंतचा वेळ) रॉकेटच्या मानाने जास्त निघाला, तर ते आधी जमिनीवर येतं आणि इजेक्शन चार्ज नंतर पेटतो, थेट गवतात. म्हणून कोरड्या दिवसांत रॉकेट सरळ जाणं आणि विलंब योग्य असणं हाच आगीविरुद्धचा पहिला उपाय आहे.

सरळ जाण्याची खात्री कशी करायची?

मोटर, वॉडिंग, पॅराशूट सगळं भरून रॉकेट बोटावर तोला. तो तोल-बिंदू दाबकेंद्राच्या (हवेचा एकत्रित जोर जिथे लागतो त्या बिंदूच्या) पुढे, म्हणजे नाकाच्या बाजूला, किमान नळीच्या एका व्यासाइतका हवा. किटबरोबरच्या कागदावर दाबकेंद्र दिलेलं नसेल तर तोल-बिंदूला सुमारे दोन मीटर दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. आडवं किंवा मागे तोंड करून फिरलं तर नाकात थोडी माती-मेण भरा आणि परत फिरवून बघा.

रॉड किमान ९० सेंटिमीटरचा, सरळ, आणि उडवण्याआधी सुक्या फडक्याने पुसलेला असावा. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत लोखंडी रॉडवर दोन आठवड्यांत गंज चढतो, लाँच लग, म्हणजे रॉकेटला चिकटवलेली आणि रॉडवर सरकणारी छोटी नळी, त्यावर अडकतो आणि रॉकेट कमी वेगाने, वाकडं सुटतं. बारीक पॉलिश पेपर सोबत ठेवा.

वजनाचा साधा हिशेब: मोटरचा सरासरी जोर रॉकेटच्या वजनाच्या निदान पाचपट हवा. सी६-५ या मोटरीत सी म्हणजे एकूण आवेगाचा वर्ग (५ ते १० न्यूटन-सेकंद), ६ म्हणजे सरासरी ६ न्यूटन जोर आणि ५ म्हणजे जळण संपल्यानंतर इजेक्शनपर्यंतचे ५ सेकंद. ६ न्यूटनचा पाचवा भाग १.२ न्यूटन, म्हणजे उडताना सगळं धरून वजन ११०-१२० ग्रॅमच्या आत. जड रॉकेटला सी६-७ लावली तर ते उलटून खाली येताना चार्ज पेटतो. जड रॉकेट, कमी विलंब, हे लक्षात ठेवा.

कोणते महिने आणि कोणती वेळ बरी?

ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगले: गवत अजून हिरवट, पाऊस सरलेला. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं दव मदत करतं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून घाटाकडून, पूर्वेकडून कोरडं वारं सुटतं, तेव्हा किनाऱ्याची नेहमीची दमट हवासुद्धा एकदम कोरडी होते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्य आणि आसपासच्या डोंगरांत लागलेल्या आगी विझवायला नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली होती. त्या महिन्यात, त्या वाऱ्यात, बारुदाची मोटर डोंगरावर नेऊच नये.

बारीक गवत हवेतली आर्द्रता तासाभरात पकडतं आणि तासाभरात सोडतं. म्हणून पहाटे ओलसर लागलेलं गवत दुपारी कागदासारखं पेटतं. आर्द्रता ४० टक्क्यांखाली असेल तर आम्ही उडवू नका असंच सांगू, आकाश कितीही सुंदर असलं तरी.

वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ. रात्रीचा जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा तेव्हा मंदावत असतो आणि समुद्राकडचा वारा सुरू झालेला नसतो. साधारण अकरा-बारानंतर समुद्राचा वारा धरतो आणि दुपारभर वाढत जातो. संध्याकाळ टाळा. दिवसभर तापलेलं गवत तेव्हा सर्वांत सुकं असतं आणि अंधार पडल्यावर धूर दिसत नाही.

गोव्यात जागा कुठली निवडायची?

गावचं फुटबॉल मैदान, जर हिरवळीचं किंवा लाल मातीचं असेल तर. कापणीनंतर नांगरलेलं किंवा अजून ओल धरून असलेलं खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतलं, शेत उत्तम. पण वायंगणाचं (उन्हाळी) भात उभं असेल तर शेतकऱ्याचं पीक तुडवून रॉकेट आणायला जाऊ नका. कापलेल्या शेतात पेंढ्याची उडवी कुठे आहे ते आधी बघा आणि वारा तिच्याकडे वाहत असेल तर बेत रद्द करा.

सडा फसवतो. जांभ्या दगडाचं पठार मोकळं, सपाट, झाडं नाहीत, म्हणून सगळ्यांना तीच जागा सुचते. पण पावसाळ्यात तिथे उगवलेलं गुडघाभर गवत जानेवारीत पूर्ण वाळलेलं असतं, पाणी कुठेच नसतं, बंब पोचत नाही आणि कडेला उतार असतो. उतार दर १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणून खालच्या कडेला लागलेली आग सड्यावर उभ्या असलेल्यांकडेच येते.

काजूच्या बागेजवळ फेब्रुवारी ते मे कधीच नाही. झाडाखाली सुक्या पानांचा थर असतो आणि कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न झाडावर लटकत असतं. माडांच्या भाटातही नको: सुकी झावळी आणि सोडणं एकदा धुमसली की तासन्‌तास विझत नाहीत. चरण्याच्या जागेतलं वाळलेलं शेणही तसंच. वर राख दिसते, आत निखारा असतो.

समुद्रकिनारा आगीच्या दृष्टीने सुरक्षित वाटतो, पण वारा आणि माणसं दोन्ही जास्त. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे कासवांचे किनारे त्यांच्या हंगामात वर्ज्य समजा. अभयारण्यात तर प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे आग धोकादायक रीतीने पेटवणं किंवा पेटती सोडणं हा गुन्हा आहे.

मैदान केवढं लागतं?

अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीची सुरक्षा संहिता जगभर वापरतात. तिच्यात मैदानाची सर्वांत लहान बाजू मोजतात: ए मोटरला ३० मीटर, बी ला ६०, सी ला १२०, डी ला १५०. पूर्ण मापाचं फुटबॉल मैदान १०५ बाय ६८ मीटर असतं. म्हणजे तिथे बी पर्यंतच, सी नाही. गावची बरीच मैदानं याहूनही लहान असतात, टेप घेऊन मोजा.

वाऱ्याने रॉकेट किती लांब जातं?

समजा २०० मीटर उंचीवर पॅराशूट उघडलं आणि रॉकेट सेकंदाला ४ मीटरने खाली येतंय. उतरायला ५० सेकंद लागले. वारा सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी साधारण १४ किलोमीटर असेल, तर रॉकेट २०० मीटर वाहून जाणार. संहितेची वाऱ्याची मर्यादा ताशी ३२ किलोमीटर आहे, पण कोरड्या दिवसांत १५ च्या वर थांबावं हे आमचं ठाम मत.

पॅराशूटऐवजी फीत, म्हणजे स्ट्रीमर लावली तर उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो आणि वाहून जाणं निम्म्यावर येतं. हलक्या रॉकेटला तेवढं पुरतं. पॅराशूटच ठेवायचं असेल तर त्याच्या मध्यभागी ४-५ सेंटिमीटरचं भोक पाडा. याहून सोपं म्हणजे एक-दोन वर्ग खालची मोटर वापरा. सी ऐवजी ए किंवा बी लावली तर रॉकेट कमी उंच जातं, पण समोर उतरतं.

मैदानातलं गवत आधी जाळून टाकलं तर?

नाही. तीच आग हाताबाहेर जाते. विळ्याने किंवा ग्रास कटरने कापा, कापलेलं गवत गोळा करून बाहेर न्या. कापून तिथेच पडलेलं गवत उभ्या गवताइतकंच पेटतं.

पॅडभोवती काय तयारी करायची?

पॅडपासून ३ मीटर त्रिज्येत गवत मुळापर्यंत खरवडून काढा. हे साधारण २८ चौरस मीटर होतात. चौरस मीटरला २ लिटर धरून ५५-६० लिटर पाणी, म्हणजे २० लिटरचे तीन कॅन, झारीने शिंपडा. एकदम ओतलं तर सुक्या मातीवरून पाणी वाहून जातं, म्हणून दोन वेळा, मध्ये दहा मिनिटं ठेवून. ऊन चढलं की अर्ध्या तासाने पुन्हा.

मध्यभागी दोन-तीन चिरे सपाट मांडा, त्यांवर पॅड, आणि रॉडभोवती लोखंडी पत्रा, निदान १५ सेंटिमीटर रुंद. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला लवकर भोक पडतं. पॅडच्या पायांखाली भिजवलेली गोणपाटं पसरा.

रॉडच्या टोकाला टोपी घाला, उडवतानाच काढा. वाकताना डोळ्यात रॉड जाणं हा नेहमीचा अपघात आहे. रॉड उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त कलवू नका. डी पर्यंतच्या मोटरीसाठी सगळ्यांनी निदान ५ मीटर दूर उभं राहावं. आम्ही पॅडपासून बटणापर्यंत ९ मीटरची वायर घ्या म्हणू.

सोबत किती पाणी, किती माणसं?

शिंपडायच्या पाण्याव्यतिरिक्त ४० लिटर वेगळं, त्याला कोणी हात लावायचा नाही. स्वच्छ धुतलेला १६ लिटरचा पाठीवरचा फवारणी पंप सर्वांत उपयोगी: बादलीचं पाणी एकदाच फेकता येतं, पंपाने दहा मिनिटं मारता येतं. शिवाय चार भिजवलेली गोणपाटं, एक फावडं, हिरव्या पानांचे टहाळ.

माणसं किमान चार. एक बटणावर, एक आकाशाकडे आणि वाऱ्याकडे बघणारा, आणि दोघे फक्त आगीसाठी. या दोघांपैकी एक पंप घेऊन पॅडजवळ नव्हे, तर वाऱ्याच्या दिशेने, रॉकेट उतरेल त्या बाजूला उभा राहतो. मुलं मोजणीत धरू नका. कपडे सुती, पायात बूट. नायलॉनचा फुटबॉल टी-शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो.

इथे वॉडिंग मिळत नाही. घरी करता येतं का?

येतं. एक लिटर कोमट पाण्यात ७० ग्रॅम टाकणखार आणि ३० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. कॅरमची पावडर घेत असाल तर पाकिटावर शुद्ध बोरिक ॲसिड लिहिलंय का ते बघा. काहींमध्ये दुसरी भुकटी असते. मऊ टिश्यू कागद त्यात बुडवा, न पिळता दोरीवर वाळवा. वाळल्यावर एक तुकडा चिमट्यात धरून मेणबत्तीवर न्या. तो काळा पडला पाहिजे आणि ज्योत काढताच, लाल कड न राहता, विझला पाहिजे. कड लाल राहिली तर पुन्हा बुडवा. पावसाळ्यात केलेला साठा हिवाळ्यात परत तपासा. हे द्रावण पोटात जाऊ देऊ नका, मुलांपासून दूर ठेवा.

नळीत वॉडिंगचा थर नळीच्या व्यासाच्या दीड ते दोन पट उंचीचा, सैल चुरगळलेला. दाबून बसवलं तर बूच होतं आणि इजेक्शन मोटरच बाहेर फेकतं.

कोरड्या दिवसांत कुठल्या मोटरी अजिबात नकोत?

ठिणग्यांचा झोत सोडणाऱ्या, टायटॅनियम मिसळलेल्या. दोन टप्प्यांचं रॉकेटही नको, कारण पहिल्या टप्प्याचं गरम कवच कुठे पडेल यावर आपला ताबा नसतो.

मोटरी कुठे ठेवायच्या?

गोव्यात दोन शत्रू, जूनचा दमटपणा आणि एप्रिलची गाडी. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, सावलीत, स्वयंपाकघर आणि देवघरातल्या दिव्यापासून दूर ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत मोटर विसरू नका. तापणं आणि थंड होणं पुन्हा पुन्हा झालं की बारुदाच्या कांडीला बारीक चिरा जातात, कांडी कवचापासून सुटते, आणि पेटल्यावर एकदम मोठा पृष्ठभाग जळून मोटर पॅडवरच फुटते. हे मोठ्या मोटरींत, डी मध्ये, जास्त होतं. उंचावरून पडलेली किंवा नोजलची माती निघालेली मोटर वापरू नका. ती बादलीभर पाण्यात कांडी विरघळून लगदा होईपर्यंत बुडवून ठेवा.

बटण दाबलं, काहीच झालं नाही. आता?

बटणाच्या पेटीची किल्ली काढा, खिशात घाला, ६० सेकंद घड्याळात मोजा, मग एकाच माणसाने जावं. बहुतेक वेळा कारण साधं असतं: इग्नायटरचं टोक बारुदाला टेकलेलं नाही, प्लास्टिकचा बूच निघालाय, इग्नायटरला वायर जोडणारे दोन चिमटे एकमेकांना किंवा पत्र्याला लागलेत, किंवा सेल उतरलेत. किनारी गावांत चिमट्यांवर हिरवा थर चढतो. प्रत्येक वेळी पॉलिश पेपर मारा. सेल नवे, अल्कलाइन घ्या.

परवानगी कुणाची?

जागेच्या मालकाची आधी, मग तो भाटकार (जमीनदार) असो, कोमुनिदाद (गावची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था) असो वा क्लब. पंचायतीला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा. धुराचा फोन गेला तर त्यांना तुम्ही कोण ते माहीत हवं. दाबोळीचा तळ नौदलाचा आहे आणि मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे, त्यामुळे उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडे विमानांच्या वाटा आहेत. ड्रोनसाठी सरकारने केलेला डिजिटल स्काय नकाशा बघून विमानतळाच्या घेरापासून दूरची जागा निवडा. विमान किंवा हेलिकॉप्टरचा आवाज आला की मोजणी थांबवा.

मोटर घरी बनवली तर? किंवा दिवाळीचं रॉकेट बसवलं तर?

दोन्ही नाही. बारूद बनवणं, आयात करणं, विकणं हे १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम यांखाली परवान्याचं काम आहे; ते बघणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. मोटर परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या, टपालाने मागवू नका, रेल्वेत किंवा विमानात नेऊ नका. दिवाळीच्या रॉकेटला ठरलेला जोर नसतो, विलंब नसतो, आणि ते जळतच खाली येतं.

आग लागलीच तर?

हाताच्या पंजाएवढी असेल तर पंपाने बुडाशी मारा, ज्वाळेवर नव्हे, आणि मागून, जळून गेलेल्या बाजूने या. ओल्या गोणपाटाने दाबा. आपटू नका, ठिणग्या उडतात. एका मिनिटात विझत नसेल, किंवा कमरेएवढी उंच झाली, तर थांबू नका: १०१ किंवा ११२ वर फोन, गावाचं नाव आणि जवळची खूण, आणि सगळे वारा येतो त्या बाजूला, उताराच्या खालच्या अंगाला. सड्यावर जाण्याआधीच मोबाईलला रेंज आहे का ते बघून ठेवा.

भाजलं तर वाहत्या नळाच्या पाण्याखाली २० मिनिटं. टूथपेस्ट, हळद, तेल काही नको.

शेवटच्या उड्डाणानंतर निदान अर्धा तास तिथेच थांबा. रॉकेट जिथे जिथे उतरलं तिथे चालत जा, वास घ्या, शंका वाटेल तिथे हाताची मागची बाजू जमिनीजवळ धरा. वापरलेली कवचं पाण्याच्या डब्यात.

रॉकेट माडावर किंवा तारेवर अडकलं.

तारेवरचं सोडून द्या, बांबूने काढू नका, वीज खात्याला कळवा. माडावर अडकलं तर आधी पंधरा मिनिटं खालून बघत राहा: शेंड्याजवळचं सुकं जाळीदार आवरण सहज धुमसतं. धूर नसेल तर पाडेली नारळ पाडायला येईल तेव्हा त्याला सांगा. स्वतः चढू नका.

गवत सुकंच आहे आणि मुलं तयार होऊन बसलीयत.

पाण्याचं रॉकेट उडवा. फेसाळ शीतपेयाची दोन लिटरची बाटली घ्या, साध्या पाण्याची नको, ती पातळ असते. एक तृतीयांश पाणी भरा, तोंडाला झडप बसवलेलं बूच किंवा कुलूप असलेला लाँचर, आणि दाबमापक असलेला सायकलचा पंप. दाब ४ बारपर्यंत, म्हणजे सुमारे ६० पीएसआय, त्याच्या वर नाही. नवी बाटली आधी तोंडापर्यंत पाण्याने भरून त्याच दाबाला तपासा: पाणी दबत नाही, त्यामुळे फुटली तरी तुकडे उडत नाहीत. पंख चिकटवायला गरम गोंद किंवा फेविक्विक नको, बाटली कमजोर होते, टेप वापरा. नाकावर फोमचा गोळा. पंप मारणारा निदान ५ मीटर दूर, चष्मा लावून, आणि दाब भरलेला असताना बाटलीवर कोणी वाकायचं नाही. ओरखडा पडलेली, उन्हात राहिलेली किंवा दहा-बारा वेळा उडालेली बाटली कापून टाका, म्हणजे कोणी परत वापरणार नाही.